आरतीचं ताट आणि बंदिया: मालदीवच्या एका शाळेतलं प्रकरण

बेटाचं, शाळेचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. हजारभर वस्तीच्या बेटावर कोण कुणाची कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ओळख पटेल असे एकदोन तपशीलही वगळले आहेत. घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

पार्श्वभूमी

मी सांगलीकडची. गणित आणि अकाउंट्स शिकवायला मालदीवमधल्या एका सरकारी शाळेत चार वर्षं होते. शाळेत आम्ही सात भारतीय शिक्षक. बाकीचे केरळ-तमिळनाडूचे, मराठी मी एकटी. मालदीवच्या शाळांना भारतीय शिक्षक नवे नाहीत. तिथे १९६०च्या दशकापासून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होत गेलं आणि धिवेही ही तिथली भाषा व इस्लाम हे दोन विषय धिवेहीत राहिले. उरलेले विषय शिकवायला बाहेरून माणसं आणावी लागली, ती अजूनही आणावी लागतात.

देश केवढा, तर सुमारे १,२०० बेटं. त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर वस्ती आहे, आणि २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम शहर. एवढ्या लोकांची ही स्वतंत्र भाषा. देशाबाहेर ती बोलणारं मोठं गाव म्हणजे लक्षद्वीपमधलं मिनिकॉय, तिथे तिला महल म्हणतात. ही भाषा आपल्या नात्यातली आहे, सिंहलीची सख्खी बहीण आणि मराठीची लांबची. पाण्याला फेन, माशाला मस, नावाला नन, चंद्राला हन्दु. आपल्याकडे जिथे ‘प’ आहे तिथे त्यांच्याकडे बऱ्याचदा ‘फ’ येतो, हे लक्षात आलं तेव्हा मी अर्धा दिवस पाचपासून पाण्यापर्यंतचे शब्द जुळवत बसले होते.

लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहायची. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घडली आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक आकड्यांवरून. मी आकडे शिकवणारी बाई, मला याचं फार अप्रूप वाटलं. ही लिपी एकदा जाता जाता बचावलेली आहे. १९७६च्या सुमारास टेलेक्स यंत्रांवर थाना चालत नाही म्हणून सरकारने रोमन लिपी आणली, आणि १९७८मध्ये अध्यक्ष झालेल्या मौमून अब्दुल गयूम यांनी थाना परत आणली. आज मुलं मोबाइलवर धिवेही लिहितात ती बऱ्याचदा पुन्हा रोमन अक्षरांतच.

आता हिंदीचं. रुजू झाले त्या आठवड्यात सहावीतली एक मुलगी वह्या आणायला टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मिस, आप मुंबई से हो?” शाळेत हिंदी हा विषय नाही. तिला कुणी शिकवली नव्हती. आजी मालिका बघते, आई गाणी लावते, मुलगी शेजारी बसून गृहपाठ करते, तेवढ्यातून आलेली. माझं मन भरून आलं. परक्या समुद्रात कुणीतरी आपल्या ओळखीचा शब्द टाकला होता. तो आनंद खरा होता, आणि पुढच्या चुकीचं मूळही त्याच आनंदात होतं.

शाळेचा कार्यक्रम आला की नाच बसवायचं काम भारतीय शिक्षिकेकडे येतं. माझ्या आधीच्या बाईंनी केलं, मग मी केलं. मला नाचाचं शिक्षण नाही, गणेशोत्सवात कॉलनीत बसवलेले नाच एवढीच शिदोरी. पण भारतीय म्हणजे नाच येणारच असं तिथे धरून चालतात आणि मीही नाही म्हटलं नाही.

काळ कुठला होता

हे २०२२चं. भारताबद्दलचं वातावरण तेव्हा तापलेलं होतं. ‘इंडिया आउट’ची मोहीम दोनेक वर्षं चालू होती. तिचा मुख्य रोख भारतीय सैनिकांच्या तिथल्या वावरावर होता. एप्रिलमध्ये अध्यक्ष सोलिह यांनी फर्मान काढून तिच्यावर बंदी घातली. २१ जूनला राजधानी मालेतल्या गलोल्हू मैदानावर योगदिनाचा कार्यक्रम चालू असताना जमाव आत घुसला आणि कार्यक्रम मोडला. योग इस्लामच्या विरोधात आहे, असं घुसणाऱ्यांचं म्हणणं होतं.

आमच्या बेटावर यातलं काही जाणवत नव्हतं. मासे विकणारा मला पूर्वीइतकाच मोठा तुकडा देत होता. उपचारासाठी त्रिवेंद्रमला जाऊन आलेली माणसं तिथल्या डॉक्टरांचं नाव प्रेमाने घेत होती. त्यामुळे मालेतली गोष्ट मालेत असं मी समजले. हा पहिला अंदाज चुकला.

अडचण

कार्यक्रम सप्टेंबरात होता. अकरा आयटम ठरले: सात हिंदी गाण्यांवर, दोन इंग्रजी, एक बोडुबेरू म्हणजे मोठ्या ढोलांचं समूहगान, आणि एक देशभक्तीचं धिवेही गीत. यादी मीच फळ्यावर लिहिली होती. सातचा आकडा माझ्या डोळ्यांना खुपला नाही.

सातवीच्या मुलींच्या नाचात एका कडव्यात सहा जणी अर्धवर्तुळ करतात आणि मधली ताट घेऊन फिरते. गाण्याच्या व्हिडिओत तसंच होतं. मी घरातलं स्टीलचं ताट आणलं, त्यावर बॅटरीवरची मेणबत्ती चिकटवली, कडेने कागदाची फुलं लावली. हात कसा फिरवायचा ते मीच दाखवलं: डावीकडून उजवीकडे, सावकाश, मेणबत्ती पडू न देता. माझ्या दृष्टीने ती नाचातली एक सुंदर हालचाल होती. ती आरती होती हे मला त्या क्षणी दिसलंच नाही. आपल्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत.

सराव बघायला आलेल्या एका पालकाला मात्र दिसलं. त्याने मोबाइलवर चित्रण केलं आणि रात्री ते पालकांच्या व्हायबर गटावर पडलं. खाली एकच ओळ होती: आमच्या मुलींकडून शाळेत पूजा करून घेतली जाते.

मालदीवमध्ये हा आरोप साधा नाही. इस्लाम हा राष्ट्रधर्म आहे, २००८च्या राज्यघटनेनुसार मुस्लिम नसलेल्या माणसाला नागरिकत्व मिळत नाही, आणि दुसऱ्या धर्माची उपासना उघडपणे करता येत नाही. आम्ही परदेशी शिक्षक आपापलं देवाधर्माचं खोलीच्या आत ठेवत असू. सकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा माझे हात थंड पडले होते. ते शांत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “हे काय आहे ते तुम्हाला माहीत होतं का?” मी म्हटलं, माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. हे उत्तर किती दुबळं आहे ते बोलतानाच कळलं.

दुपारी बैठक झाली, तेव्हा ताटाचा विषय पाच मिनिटांत संपला. ते जाणार यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मग धिवेही शिकवणाऱ्या बाई बोलल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “ताट तुम्ही काढाल, पण फळ्यावर अकरापैकी सात लिहिलंय त्याचं काय? गेल्या वर्षी सहा होते. मुलं माझ्या तासाला ‘या शब्दाचा अर्थ काय’ म्हणून विचारतात, तो शब्द त्यांच्या आजीच्या रोजच्या बोलण्यातला असतो. गाण्यांचा अर्थ मात्र मला कधी विचारत नाहीत. तो त्यांना कळतो.”

खरी अडचण ही होती. पालकांनी आरतीकडे बोट दाखवलं म्हणून ती समोर आली, एरवी आणखी दोन वर्षं आली नसती.

समोर असलेले पर्याय

एक म्हणजे कार्यक्रमच रद्द करायचा. मुख्याध्यापकांना दोन दिवस हाच बरा वाटत होता, कारण त्यात कुणी दुखावलं तर सगळेच सारखे दुखावतात.

इस्लामच्या शिक्षकांनी आणि काही पालकांनी सुचवलं की हिंदी गाणी सरसकट बंद करावीत. हा कडवेपणा म्हणून मी आधी झटकला. पण हे सर स्वतः जुनी हिंदी गाणी गुणगुणायचे. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: घरी जे बघायचं ते बघा, शाळेने ते व्यासपीठावर चढवून शिक्का का मारायचा? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडचण अशी की सराव तीन आठवडे चालला होता, आणि बंदी घातली असती तर मुलांच्या दृष्टीने दोषी धिवेहीच्या बाई ठरल्या असत्या. ज्या भाषेसाठी हे करायचं तिचाच राग आला असता.

माझा स्वतःचा पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट होता: ताट काढा, बाकी जसंच्या तसं. बैठकीत मी तो जोर लावून मांडलाही. “मुलांना आवडतं ना” हे वाक्य मी तीनदा म्हटल्याचं आठवतं. घरी येऊन फोनवर भावाशी बोलले. त्याची तक्रार नेहमीची, की त्याचा मुलगा मराठी शाळेत असून मित्रांशी हिंदीतच बोलतो. मी हो-हो म्हणत होते आणि मध्येच थांबले. मोठ्या भाषेच्या शेजारी राहण्याचं दुखणं मला घरबसल्या माहीत होतं. तिथे मात्र मी मोठ्या बाजूने बोलत होते, आणि तीही माझी नव्हे तर हिंदीची बाजू. पुढे २०२५मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात वाद पेटला आणि जूनअखेरीस सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले, तेव्हा मला आमची ती बैठक आठवत राहिली.

शेवटचा पर्याय धिवेहीच्या बाईंचा. हिंदी आयटम करणाऱ्या प्रत्येक गटाने एक धिवेही आयटमही करायचा, आणि तो यूट्यूबवरून न घेता बेटावरच्या कुणा वडीलधाऱ्या माणसाकडून शिकायचा. वेळ लागणार, आणि म्हातारी माणसं शाळेत येतील का हीही शंका होती. मुख्याध्यापकांनी अर्धा मानला: कार्यक्रम तीन आठवडे पुढे, हिंदी आयटम जास्तीत जास्त तीन, आणि त्या तीन गटांना ही अट.

काय केलं

पहिलं काम माफी. पालकांच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की ताट माझं, हालचाल माझी, मुलींना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मुख्याध्यापकांनी धिवेहीत सांगितलं, मी इंग्रजीत. ज्यांनी चित्रण केलं होतं त्यांनी नंतर मान हलवली, बोलले नाहीत.

दुसरं, नाचाच्या कामातून मी बाजूला झाले. प्रमुख धिवेहीच्या बाई, मी त्यांच्या हाताखाली. मोठेपणा म्हणून हे केलं नाही, मुख्याध्यापकांनीच तसं ठरवलं. पण ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

मग गाण्यांची निवड, आणि इथे एक गाठ पडली. आठवीच्या मुलांनी धिवेही आयटम म्हणून एक जुनं लोकप्रिय गाणं आणलं. बाई खूश. मी पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि ओठ चावला: चाल सरळ एका हिंदी गाण्याची. तिथे हे सर्रास आहे, हिंदी चालींवर धिवेही शब्द बांधलेली कितीतरी गाणी आहेत आणि लोक ती आपली म्हणूनच गातात. सांगावं की नको? सांगितलं. बाई हसल्या. “मला माहीत आहे. माझ्या लग्नात हेच वाजलं होतं. चाल तुमची असेल, शब्द आमचे आहेत.” इस्लामच्या सरांना ते पटलं नाही, मग उसनं आणि आपलं यातली रेघ कुठे मारायची यावर दोघं धिवेहीत बराच वेळ भांडले. शेवटी गाणं राहिलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. शुद्धता शोधत गेलं असतं तर बंदियाही सोडावी लागली असती, कारण घागरींचा तो नाच मुळात भारताकडून आला असावा असं तिथले बरेच लोक मानतात. बोडुबेरू आफ्रिकेकडून आलं असंच सांगतात.

बंदिया म्हणजे धातूची घागर. बायका ती कडेवर घेऊन नाचतात आणि बोटांतल्या अंगठ्यांनी तिच्यावर ताल धरतात. सातवीच्या त्याच मुलींनी हा नाच घेतला. शिकवायला एका मुलीची पणजी आली, सत्तरीच्या पुढची. पहिल्या दिवशी खुर्ची नको म्हणाल्या आणि दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या. मुलींच्या अंगठ्या खोट्या दागिन्यांच्या, हलक्या. घागरीवर आपटल्या तर टिकटिक एवढंच. आजींनी दोन दिवस ऐकून घेतलं, मग नातवाला होड्यांच्या इंजिनांच्या दुकानात पाठवलं. तो मूठभर स्टीलचे नट घेऊन आला, मुलींच्या बोटांत बसतील असे निवडून. दोरा गुंडाळून ते घट्ट केले. त्यानंतर जो आवाज निघाला तो शेजारच्या वर्गातून लोक बघायला येण्याइतका होता.

आजी मध्येच रायवरू म्हणायच्या. हे जुनं पद्य, लांबवलेल्या सुरात म्हणायचं. त्यातले शब्द धिवेहीच्या बाईंनाही सगळे लागले नाहीत. त्या वहीत टिपून घेत होत्या, उजवीकडून डावीकडे, आणि आजींना थांबवून पुन्हा म्हणायला सांगत होत्या. आजी चिडायच्या, कारण मधूनच सुरू करता यायचं नाही, पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

परिणाम

कार्यक्रम ऑक्टोबरात झाला. तीन हिंदी, एक इंग्रजी, पाच धिवेही. बंदिया दोनदा करायला लावली. पणजी पहिल्या रांगेत होत्या आणि ताल चुकला की हाताने मांडीवर बरोबर करून दाखवत होत्या. व्हायबर गटावर या वेळी घागरींचं चित्रण फिरलं.

पण हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहायला हव्यात. दहावीच्या चार मुलांचा हिंदी नाच कात्रीत सापडला आणि त्यांनी कार्यक्रमावर पाणी सोडलं, प्रेक्षकांतही आली नाहीत. सर्वांत जास्त किंमत मोजली ती ताट धरणाऱ्या मुलीने. आईने तिचा नाच बंद केला, हिंदीही आणि बंदियाही. ती वर्गात माझ्या डोळ्याला डोळा देईना. गणितात ती चांगली होती, तरी शंका विचारायला येणं तिने सोडलं. पूर्वी माझ्याशी हिंदीत बोलणारी मुलगी त्या वर्षी इंग्रजीत ‘येस मिस’ एवढंच म्हणत राहिली.

बाईंच्या वहीत एका सहामाहीत रायवरूंचे आणि जुन्या शब्दांचे बरेच टिपण जमले. मग परीक्षा आल्या, अभ्यासक्रम मागे पडला आणि वही कपाटात गेली. पुढच्या वर्षी तीन हिंदीची मर्यादा राहिली, पण वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची अट गळली, कारण ती पाळून घ्यायला माणूस लागतो आणि बाईंचे तास वाढले होते. पणजी उपचारासाठी मालेला लेकीकडे गेल्या. सप्टेंबर २०२३च्या निवडणुकीत देशात सत्ता बदलली, नवे अध्यक्ष मुइझ्झू ‘इंडिया आउट’च्या बाजूचे होते. त्याने मुलांच्या हेडफोनमधली गाणी बदलली नाहीत. दूतावास, सांस्कृतिक केंद्र, सैनिक यांच्यावरून मोठी माणसं भांडत होती, आणि हिंदी येत होती ती आजीच्या मालिकेतून, मायेने, कुणी न पाठवता. ती कुठल्या फर्मानाने थांबणार?

आज पुन्हा वेळ आली तर

यादी फळ्यावर लिहिण्याआधी मी प्रत्येक आयटमचा अर्थ एका स्थानिक शिक्षकाला सांगेन, गाण्याचा आणि हालचालींचा. दहा मिनिटांचं काम होतं.

नाच बसवायला सांगितलं तर ‘मी मदत करीन, पण प्रमुख इथली कुणीतरी हवी’ असं पहिल्याच वर्षी म्हणेन. तेव्हा मी हो म्हटलं ते मला छान वाटलं म्हणून. चार वर्षं आमच्यापैकी कुणीतरी हो म्हणत राहिल्याने तिथल्या कुणी पुढे यायची गरजच उरली नाही.

बाईंच्या वहीसाठी मुख्याध्यापकांकडे आठवड्याला दोन तासांची सूट मागायला हवी होती. त्यांचे दोन तास मी घेऊ शकले असते, मला जमण्यासारखं होतं. सुचलं नाही. आणि पणजींचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करायला हवा होता. आमच्या सगळ्यांच्या खिशात फोन होते. आम्ही नाचाचं चित्रण केलं, त्यात रायवरूच्या वेळी टाळ्या वाजताहेत.

त्या मुलीच्या घरी मी गेले नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सध्या नको, आणि मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. आज मी त्याच संध्याकाळी गेले असते, धिवेहीच्या बाईंना सोबत घेऊन. त्यांच्या घरापुढे दोरीच्या जाळ्याची जोली आहे, येणाऱ्याला तिथेच बसवतात. तिथे बसून तिच्या आईला, मुलगी ऐकेल अशा आवाजात, सांगितलं असतं की ताट मी तिच्या हातात दिलं होतं.